चित्रातली सावली

चित्रात काढलेल्या झाडाची सावली कुणाच्या डोक्यावर पडत नाही. हे विधान कुणालाही मान्य व्हावे, आणि वऱ्हाडात राहणाऱ्याला तर ते विशेष पटावे. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर चढतो, रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटू लागते, तेव्हा सावली ही कवीची कल्पना उरत नाही. ती पाण्याइतकीच निकडीची वस्तू होते. असे असूनही याच प्रदेशात, याच दिवसांत, दारे-खिडक्या लावून घेऊन माणसे झाडांची चित्रे काढीत बसलेली मी पाहतो. कुणाच्या हाती नातवाच्या दप्तरातली तैलखडूंची, म्हणजे मुलांच्या भाषेत ऑइल पेस्टलची डबी असते. कुणाच्या मांडीवर टॅब्लेट आणि काचेवर फिरणारी लेखणी. कोणी हिरवे डोंगर रंगवतो, कोणी फुललेला पळस, कोणी पावसात भिजलेली वाट. हे कशासाठी, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते : ‘मन शांत होते.’

ही शांतता खरी की भ्रामक, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे. प्रश्न छंदाचा असता तर त्यावर इतका विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु हा प्रदेश कापसाचा आहे, आणि कर्जाचाही. जुलै २००६ मध्ये केंद्र सरकारला अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा अशा सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली, ती येथील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. ज्यांना दुःखी घरांत जाऊन बसावे लागते, त्यांना सांत्वन हा शब्द सैलपणे वापरता येत नाही. ज्याचे शेत करपले आहे त्याच्या भिंतीवर हिरव्या शेताचे चित्र लावणे ही माणुसकी आहे की थट्टा? आणि ज्याने ते चित्र स्वतः काढले, तो दुःखाला सामोरा गेला की त्याने दुःखाकडे पाठ फिरवली?

आक्षेप जुना आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात चित्रकाराविषयी तक्रार केली ती अशी की, तो वस्तूच्या केवळ दिसण्याची नक्कल करतो आणि म्हणून सत्यापासून दूर राहतो. वऱ्हाडी शेतकरी हीच शंका अधिक थेट शब्दांत विचारतो : ‘चित्रानं पोट भरते काय?’ या प्रश्नाची टिंगल करू नये. त्यामागे अनुभव आहे. दिवाणखान्यातल्या दिनदर्शिकेवर बारमाही वाहणारी नदी असते आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, तेव्हा त्या नदीचा राग येणे स्वाभाविक आहे.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली गेली आहे. फ्रेंच चित्रकार हेन्री मातीस यांनी १९०८ साली लिहिले होते की, आपली कला थकल्याभागल्या माणसाला आरामखुर्चीसारखी विसावा देणारी असावी. या उपमेवरून त्यांची पुढे पुष्कळ हेटाळणी झाली. कलेने माणसाला जागे करावे की खुर्चीत बसवावे, असे टीकाकारांनी विचारले. परंतु ज्याने दिवसभर ओझी वाहिली आहेत त्याला खुर्ची देऊ करणे यात कमीपणा कोणता? खुर्ची सोडून उठायचे केव्हा, हे माणसाला कळले पाहिजे, एवढेच.

या बाबतीत सेमिनरीत शिकलेला एक धडा मला मोलाचा वाटतो. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात दुःखावरील उपायांची चर्चा केली आहे. उपाय पाच : आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवा, झोप व स्नान. इतक्या मोठ्या तत्त्वज्ञाने आंघोळीला आपल्या ग्रंथात स्थान द्यावे, याचे प्रथम वाचताना हसू येते. नंतर त्यातले शहाणपण ध्यानात येते. शरीराला मिळणारा लहानसा विसावाही ते तुच्छ मानीत नाहीत. म्हणून चित्राने कुणाला घटकाभर बरे वाटत असेल, तर तेवढ्यानेच ते अपराधी ठरत नाही.

तथापि सांत्वन आणि बधिरता या दोन गोष्टी निराळ्या आहेत. बधिर करणारे औषध वेदना थांबवते, पण त्याबरोबर स्पर्शही थांबवते. सांत्वनात वेदना राहते. मात्र माणूस तिच्यात कोंडलेला राहत नाही. दुःखाचा मोठा त्रास हाच की ते माणसाचे जग आखडून टाकते. दुःखी माणूस खिडकीपाशी बसतो, पण त्याला खिडकीबाहेरचे काही दिसत नाही. तेव्हा कोणत्याही चित्राला विचारण्याचा पहिला प्रश्न असा : याने माणसाचे डोळे उघडले, की मिटले?

तैलखडूचा इतिहास या प्रश्नाशी जोडलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जपानमधील शाळांत एकेकाळी चित्रकला म्हणजे पुस्तकातल्या नमुन्याची हुबेहूब नक्कल. कानाए यामामोतो या चित्रकाराने त्याविरुद्ध आवाज उठवला. मुलाने नमुना गिरवू नये, स्वतः पाहिलेले काढावे, असा त्याचा आग्रह होता, आणि १९१९ साली नागानो प्रांतात त्याने मुलांच्या मुक्त चित्रांचे प्रदर्शन भरवले. मुलांना सहज हाताळता येईल असा भरघोस रंगाचा खडू हवा, ही गरज त्या वातावरणातून पुढे आली. आणि १९२५ साली साकुरा या जपानी कंपनीने रंगद्रव्य, मेण आणि न सुकणारे तेल यांच्या मिश्रणातून केलेले खडू बाजारात आणले. आज दहावीपूर्वी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी आपली मुले जे खडू वापरतात, ते त्यांचेच वंशज.

खडू आले, पण त्यामागचा विचार आपल्यापर्यंत पोहोचला काय? कोणत्याही शाळेत जाऊन मुलांना ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, वळणे घेत येणारी निळी नदी, एक झोपडी आणि काठाला वाकलेले नारळाचे झाड. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या मुलाने असा नारळ कोणत्या नदीकाठी पाहिला? तो राहतो खारपाणपट्ट्यात. विहिरीचे पाणी खारट, पायाखाली भेगाळलेली काळी माती, बांधावर बाभूळ, आणि हवा स्वच्छ असेल त्या दिवशी उत्तरेकडे सातपुड्याची एक पुसट निळी रेघ. हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर असताना तो न पाहिलेला नारळ काढतो. कारण सुंदर ते दुसरीकडे असते, असे त्याला कुणी न सांगताच शिकवले गेले आहे. ही गोष्ट क्षुल्लक नाही. आपल्या वाट्याला आलेली भूमी चित्रात घेण्याच्या लायकीची नाही, असे ज्या मुलाला वाटते, त्याला मोठेपणी त्या भूमीत पाय रोवून उभे राहण्याचे बळ कोठून येईल?

माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकेची हकीकत येथे सांगावीशी वाटते. पती निवर्तल्यावर वर्षभर त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. पुढे नातवाच्या खडूंनी अंगणातला कडुनिंब काढू लागल्या. आणि मग तोच निंब पुन्हा पुन्हा. पानगळीतला, कोवळ्या तांबूस पालवीचा, लिंबोळ्यांनी लगडलेला. उन्हाळ्यात खडू डबीतच मऊ पडत, तेव्हा त्या बोटांनी रंग सारवीत. कधी कागदावर पिवळे-हिरवे थर देऊन त्यावर काळा रंग चढवायचा आणि टाचणीने ओरखडे काढून खालचा उजेड वर आणायचा, ही शाळेत मुलांना शिकवलेली युक्ती त्या स्वतःसाठी वापरीत. त्यांची चित्रे उत्तम आहेत असे कुणी म्हणणार नाही. एकदा मी त्यांना विचारले, यातून काय मिळते? क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, ‘चित्र काढाले बसलं का फादर, नजर झाडावर राह्यते, सोतावर राह्यत नाही.’

या वाक्यात मला अक्विनास यांचा चौथा उपाय दिसला. सत्याचे चिंतन म्हटले की आपल्याला जाड ग्रंथ आठवतात. पण निंबाची फांदी खोडापासून नेमकी कोठे फुटते, तिच्या सालीचा रंग दुपारी राखाडी आणि संध्याकाळी तांबूस का दिसतो, हे अर्धा तास पाहत राहणे हेही सत्याचेच चिंतन आहे. झाड आपल्या दुःखाची दखल घेत नाही. ते आपल्या जागी आहे तसे आहे. आपल्या दुःखाबाहेरही काहीतरी खरे आणि टिकून असलेले आहे, ही जाणीव सांत्वनाचा पाया असते. न पाहिलेल्या नारळाने ती मिळत नाही. पाहिलेल्या निंबाने मिळते.

मग संगणकावरच्या, म्हणजे डिजिटल चित्राचे काय? येथे आमच्या पिढीतली माणसे पटकन निवाडा देतात : कागद खरा, काच खोटी. हा निवाडा उतावीळ आहे. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००९ पासून फोनच्या पडद्यावर बोटाने फुले काढून सकाळी सकाळी मित्रांना पाठवण्यास आरंभ केला. मार्च २०२० मध्ये महामारीने दारे बंद केली, तेव्हा ८२ वर्षांचे हॉकनी फ्रान्समधील नॉर्मंडीत होते. तेथे उमललेली पिवळी डॅफोडिल फुले त्यांनी टॅब्लेटवर काढली आणि ते चित्र घरात अडकलेल्या जगाला पाठवले. ती फुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. पडद्यामुळे त्यांतले काही खोटे झाले नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला, रंगांचा वास न सोसणाऱ्याला, ज्याचा हात थरथरतो आणि चुकलेली रेघ मागे घ्यावी लागते त्याला, हे साधन वरदान आहे. मातीस यांचेच पाहा. १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना बहुतेक वेळ बिछान्यात किंवा चाकाच्या खुर्चीत काढावा लागला. त्यांनी कुंचला बाजूला ठेवून कात्री घेतली आणि रंगवलेल्या कागदांतून पाने, फुले, समुद्रशैवाल कापले. त्यांची शुश्रूषा केलेली तरुणी पुढे डॉमिनिकन संन्यासिनी झाली, आणि तिच्या निमित्ताने व्हांस गावी जे प्रार्थनामंदिर उभे राहिले त्याची सजावट मातीस यांनी केली. १९५१ मध्ये ते पूर्ण झाले. तेथील रंगीत काचांवर पाने आहेत ती निवडुंगाची. पिवळी, हिरवी, निळी. ज्याने आरामखुर्चीची भाषा केली होती, त्याने खुर्चीत बसून दुसऱ्यांसाठी खिडक्या घडवल्या.

धोका साधनात नाही, दुसरीकडे आहे. रोज पहाटे आपल्या फोनवर सूर्योदय येतात, दवबिंदूंनी भरलेले गुलाब येतात. पाठवणाऱ्याने ते पाहिलेले नसतात. घेणाराही पाहत नाही. मृत्यूची बातमी कळली की त्याच बोटाने मेणबत्ती आणि पांढरी फुले पुढे ढकलली जातात. आता तर यंत्राला चार शब्द सांगितले की ते क्षणात अरण्य उभे करते. असे अरण्य की ज्यात कोणी कधी गेले नाही आणि ज्यातील एकही झाड कोठे उगवले नाही. ते पाहून डोळ्यांना थंडावा मिळेल, नाही असे नाही. तो अक्विनास यांच्या पाचव्या उपायात, झोपेच्या आणि आंघोळीच्या शेजारी, बसेल. पण तिसऱ्या उपायात, मित्राच्या सहानुभूतीत, त्याला जागा देता येणार नाही. मित्राच्या सांत्वनाचे मर्म हे की त्याने आपल्यासाठी वेळ काढलेला असतो. ज्या चित्रामागे कोणी बसलेले नाही, ते आपल्याजवळ बसू शकत नाही.

विज्ञानानेही या विषयाकडे लक्ष दिले आहे. रॉजर उलरिख यांनी १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हानियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण काहीसे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकांची गरज कमी पडली. निसर्गचित्रांचे समर्थक हा अभ्यास नेहमी पुढे करतात. परंतु ती खिडकी होती, चित्र नव्हते, हे विसरता कामा नये. जेथे खिडकी शक्य नाही तेथे चित्र लावावे, हे योग्यच. मात्र जेथे झाड लावता आले असते तेथे झाडाचे चित्र लावून मोकळे होणे, हे सांत्वनाच्या नावाखाली केलेले कर्तव्यच्युतीचे समर्थन होय.

याहून गंभीर अशी आणखी एक कसोटी आहे. मेळघाट म्हटले की अमरावतीच्या माणसाला चिखलदऱ्याचे धुके, सागाचे डोंगर, गाविलगडाची तटबंदी आठवते. व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता, म्हणून वाघही आठवतो. येथील निसर्गचित्रांत हे सारे असते. नसतो तो कोरकू माणूस. हेच मेळघाट १९९० च्या दशकापासून बालकांच्या कुपोषणामुळे आणि मृत्यूंमुळेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. प्रत्येक चित्रात दुःख दाखवलेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. पळसाचे फूल रंगवणाऱ्याकडे सामाजिक अहवाल मागू नये. पण आपल्याला शांत वाटावे म्हणून निसर्गातून माणूस पुसून टाकण्याची सवय डोळ्यांना लागली, तर चित्राबाहेरही तो दिसेनासा होतो. ज्या सांत्वनाची किंमत दुसऱ्याचे अदृश्य होणे ही असते, ते सांत्वन सत्याच्या कसोटीला उतरत नाही.

या सर्व प्रश्नांचे एक प्राचीन उत्तर वऱ्हाडाच्या सीमेवरच आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. तेथील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दान दिले, असे तेथील शिलालेख सांगतो. अजिंठ्याची ही लेणी वाघूर नदीच्या नालाकृती दरीत, भर रानात आहेत. बाहेर पाऊल टाकले की झाडे, पक्षी, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. असे असूनही त्या अंधाऱ्या दालनांत भाताचा भुसा आणि चिखल यांचा गिलावा करून, काव आणि हिरवी माती घोटून, चित्रकारांनी छतांवर कमळे, फळे, हंस आणि वेली रंगवल्या. दाराशी रान असताना छतावर रान कशाला? मला वाटते, पाहिलेले जवळ ठेवावे, अंधारात त्याची आठवण व्हावी, यासाठी. आणि त्याच अजिंठ्यात, वराहदेवाच्या त्या सोळाव्या लेण्यात, भिंतीवर एक स्त्री दुःखाने कोसळलेली दाखवली आहे. ‘मरणासन्न राजकन्या’ म्हणून ती प्रसिद्ध आहे; पतीने, म्हणजे नंदाने, संन्यास घेतल्याचे कळून मूर्च्छित झालेली ती सुंदरी, असे अभ्यासक मानतात. भोवतीच्या सख्या तिला सावरतात, एकजण मागून आधार देते. छतांवर कमळे रंगवणाऱ्या त्या परंपरेने भिंतीवरचे दुःख झाकले नाही, आणि दुःख आहे म्हणून कमळेही गाळली नाहीत. दोन्ही एकाच डोंगरात, दीड हजार वर्षे, शेजारी शेजारी आहेत.

निसर्गचित्रातील सांत्वन खरे केव्हा, याचे उत्तर आता देता येईल. ते पाहण्यातून आलेले असावे. त्याने काहीही आणि कुणालाही झाकू नये. आणि ते माणसाला चित्रात अडकवून न ठेवता चित्राबाहेरच्या झाडाकडे व माणसाकडे परत पाठवणारे असावे. त्या निवृत्त शिक्षिका आता निंबाखाली संध्याकाळी दोन खुर्च्या टाकतात. दुसरी खुर्ची कुणासाठी ते ठरलेले नसते. येणारे कोणीतरी असतेच.

करपलेल्या शेताच्या मालकाला हिरवे चित्र द्यावे काय, हा आरंभीचा प्रश्न मात्र अजून उरतो. ईयोबाचे मित्र त्याच्याकडे आले तेव्हा ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि उपदेशाने त्याला घायाळ केले. पण ते सात दिवस त्यांनी खरे सांत्वन केले. चित्र फार तर त्या मौनाइतके असावे. त्याने ‘सारे ठीक होईल’ असे सांगू नये. दुःखी घराला चित्र द्यावेसे वाटले, तर त्याच्याच बांधावरची बाभूळ आधी नीट पाहावी, स्वतःच्या हाताने काढावी, खडूने किंवा पडद्यावर, जसे जमेल तसे. आणि ती फोनवरून पाठवून न थांबता स्वतः घेऊन जावी. भिंतीवर खिळा ठोकण्याची घाई नको. चित्र बाजूला ठेवून आधी त्या घरात थोडा वेळ बसावे, आणि उठताना पुन्हा केव्हा येणार ते सांगून यावे.